लासूर स्टेशनचे वाकळे सर

वाकळे सरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या दातात दोरा होता.

नोकरीचा माझा पहिला दिवस. सकाळच्या पॅसेंजरनं लासूर स्टेशनला उतरले आणि विचारत विचारत शाळेत पोचले. मुख्याध्यापक जिल्हा परिषदेत गेले होते. नेमणुकीच्या पत्रासोबत त्यांनी चिठ्ठी ठेवली होती, "ज्येष्ठ शिक्षक वाकळे सरांना भेटावे." शिपाई बशीरमामांनी मला शिक्षकांच्या खोलीचं दार दाखवलं. आत खिडकीपाशी स्टुलावर एक किरकोळ बांध्याचे, सावळे गृहस्थ बसले होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायांत साध्या चपला. त्यांच्यापुढं आठवीतला एक मुलगा छाती काढून उभा होता आणि ते त्याच्या शर्टाला बटण लावत होते. मला वाटलं, शाळेनं गणवेशासाठी शिंपी बोलावलाय.

"वाकळे सर कुठं भेटतील?" मी विचारलं.

त्यांनी दातात दोरा धरूनच सुईच्या टोकानं स्वतःकडं बोट दाखवल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हातानं मला बसायला खुर्ची दाखवली. बटण पक्कं झाल्यावर दोरा तोडला, मुलाच्या पाठीवर थाप मारून त्याला पिटाळलं आणि मग म्हणाले, "या बाई. सायन्सवाल्या ना तुम्ही? लई वाट बगितली तुमची. दोन वर्षं मीच सायन्स शिकवतोय. पोरांचं नुकसान झालंय, तेवढं भरून काढा."

सर गणिताचे. त्यांच्या कपाटात फूटपट्ट्या आणि कर्कटकांच्या शेजारी सुईदोऱ्याचा डबा असे. पांढरी, निळी, खाकी अशी सगळी बटणं. मधल्या सुट्टीत कुणा ना कुणा मुलाला ते खिडकीपाशी उभं करायचेच. मला हे गमतीचं वाटे. एकदा मी म्हटलं, "सर, यांच्या घरी आया नाहीत का बटणं लावायला?"

"हायेत की," ते म्हणाले. "पण बाई, पोराला सामोर बोलावून 'तुझं काय बिनसलंय' विचारलं तर ते सांगत नाय. बटण लावाया घेतलं की पाच मिन्टं त्याला हालता येत नाय. आन मी त्याच्याकडं बगत नाय, सुईकडं बगतो. मग ते आपोआप बोलतं."

थोड्या दिवसांनी त्यांनी एक छोटा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "पोरींचं तुमच्याकडं," एवढंच म्हणाले. मला धड टाका घालता येत नव्हता. शिकले. आणि सर म्हणत होते ते खरं निघालं. कुणाचा बाप घर सोडून गेलाय, कुणाला फळ्यावरचं दिसत नाही, कुणाच्या घरी पाहुणे येऊन बघून गेलेत, हे सगळं मला बटण लावताना कळलं.

त्यांचं पूर्ण नाव कडुबा भिकाजी वाकळे. आमच्या भागात हे नाव नवं नाही, पण शहरातून आलेल्या एका मुख्याध्यापकांनी त्यांना सुचवलं होतं की फलकावर के. बी. वाकळे लिहू या, बरं दिसतं. सर नुसते हसले. पाचवीच्या नव्या वर्गात पहिल्या तासाला ते फळ्यावर मोठ्या अक्षरात सगळं नाव लिहायचे आणि वळून म्हणायचे, "कुणाला हसायचं असंल तर आत्ता हसून घ्या." पोरं आधी बिचकायची, मग एखादं फिस्सकन हसायचं, मग सगळा वर्ग. सर थांबायचे. हसू ओसरलं की शांतपणे सांगायचे, "माझ्या आदी माझ्या आईची दोन लेकरं गेली. म्हणून तिनं माझं नाव कडू ठिवलं. म्हंजी मरणालाबी खावंसं वाटू नाय. आता तुमच्यात कुणाच्या नावाला लोक हसत असतील तर हात वर करा."

एकदा मी व्हरांड्यातून जात होते तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केलेला मी पाहिला. तिचं नाव धोंडाबाई. सरांनी तिला पुढं बोलावलं आणि आपल्या नावाखाली तिचं नाव तिच्याच हातानं लिहायला लावलं. वर्षभर त्या वर्गात तिला कुणी चिडवलं नाही.

गणिताच्या तासाला खोडरबर काढायचा नाही, हा त्यांचा नियम होता. "चूक खोडू नका. तिच्या शेजारी बरोबर लिहा. मला कळू द्या तुम्ही कुठून गेले." पालक तक्रार करायचे की वह्या घाण दिसतात. सरांना त्या तशाच आवडायच्या. त्यांना माणसं लक्षात राहायची ती त्यांच्या चुकांनी. एकदा मी त्यांच्यासोबत बँकेत गेले होते. नवे साहेब चष्मा पुसत बाहेर आले. सर त्यांच्याकडं टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "तू कंसाबाहेरचा वजा विसरणारा ना?" साहेब जागच्या जागी सावधान उभे राहिले. "हो सर. आता नाही विसरत सर." रांगेतली सगळी माणसं हसली. साहेबांनी सरांना आत नेऊन चहा पाजला, आणि मलाही.

कौतुकात मात्र सर कंजूष. शंभरपैकी शंभर पडलेल्या मुलीलाही "चालतंय" म्हणायचे. त्यांच्या कोशात याच्या वरचा शब्द नव्हता. शिक्षकदिनाला मुलं गुच्छ घेऊन शोधायची तेव्हा ते प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत दडून बसायचे. बशीरमामांना ती जागा माहीत होती, पण ते कुणाला सांगायचे नाहीत.

एखादं मूल सलग दोन दिवस आलं नाही की तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सर सायकल काढून त्याच्या घरी जायचे. पाऊस असो, लग्नसराई असो. बाकीचे शिक्षक त्याला सरांचं वेड म्हणत. आणि ते कुणावर हात उचलत नसत. त्या काळात हे नवलच होतं. आमच्या शाळेत प्रत्येकाच्या टेबलावर छडी होती, सरांच्या टेबलावर नव्हती. मी एकदा बशीरमामांजवळ म्हटलं, "वाकळे सर स्वभावानंच मऊ आहेत, नाही?"

मामा घंटेची दोरी गुंडाळत होते. "बाई, तुमको मालूम नै," ते म्हणाले. "पयले सर बहुत मारते थे. सबसे जादा वोच मारते थे."

मग त्यांनी सांगितलं. सर नोकरीला लागून दोनतीन वर्षं झाली असतील. सातवीच्या वर्गात सरपंचाच्या मुलाची कंपासपेटी हरवली. त्याच्या शेजारी सुदाम नावाचा मुलगा बसायचा, घरचा फार गरीब. सरांनी विचारलं, तो काही बोलेना. नुसता खाली बघत राहिला. सरांना वाटलं, यानंच घेतली. फळ्यावरच्या लाकडी पट्टीनं त्यांनी त्याला सगळ्या वर्गासमोर मारलं, पट्टी मोडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पेटी खिडकीच्या फळीवर सापडली, जिथं सरपंचाच्या मुलानं स्वतः ठेवली होती. सुदाम त्या दिवसापासून आला नाही. सर आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले. आठव्या दिवशी गेले तेव्हा सुदाम चुलत्याबरोबर ऊसतोडीला गेला होता.

"उस दिन से लकडी छोड दी," मामा म्हणाले. "और तीसरे दिन का वो भी तभी से चालू हुआ."

मी सरांना याबद्दल कधी विचारलं नाही. विचारायची वेळच आली नाही, कारण सुदाम स्वतःच एक दिवस शाळेत आला.

जूनचे दिवस होते. पाचवीच्या प्रवेशाच्या टेबलावर मी बसले होते. एक उंच, राकट माणूस मुलीला घेऊन आला. बाजार समितीत हमाली करतो म्हणाला. मुलीचं नाव ज्योती. मी अर्ज भरून घेत होते, तेवढ्यात वाकळे सर आत आले आणि दारातच थबकले. त्या माणसानं त्यांना ओळखलं होतं, हे त्याच्या तोंडावरून दिसत होतं. तो उठला आणि नमस्कारासाठी वाकू लागला.

सरांनी त्याचे हात धरले. "सुदाम," ते म्हणाले, "तू जरा माझ्यासंगं ये."

ते त्याला सातवीच्या वर्गात घेऊन गेले. मी आणि ज्योती मागोमाग दारापर्यंत गेलो, काय चाललंय ते मला कळेना. वर्ग भरलेला होता. सरांनी सुदामला फळ्याजवळ उभं केलं आणि मुलांना म्हणाले, "पोरांनो, हा सुदाम. हा याच खोलीत शिकायचा. एकदा चोरीचा आळ घेऊन मी याला इथंच मारलं. यानं काही घेतलं नव्हतं. मी चुकलो होतो. याची माफी मागायची ऱ्हाऊन गेली, ती आता मागतो." आणि त्यांनी हात जोडले.

सुदामचे कान लाल झाले होते. तो हळूच म्हणाला, "सर, चला ना बाहेर. पोरं बगत्यात."

"त्या दिवशीबी पोरं बगत व्हती," सर म्हणाले.

व्हरांड्यात आल्यावर सुदामनं पंच्यानं तोंड पुसलं. म्हणाला, "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी शाळा सोडली ती त्याच्यामुळं नाय. घरी खायलाच नव्हतं."

सरांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. "हे खरं हाये, का मला बरं वाटावं म्हणून बोलतो?"

सुदामनं बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "निम्मं खरं हाये."

सरांनी मान हलवली. ते निम्मं त्यांनी मुकाट्यानं घेतलं. जाताना सुदाम ज्योतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "हिला तेवढं मारू नका." सर म्हणाले, "आता कुणालाच मारत नाय." ज्योती पुढं दहावीपर्यंत आमच्याकडंच शिकली. आता ती शहरात नर्स आहे.

आता सरांच्या घराबद्दल. बाजारपेठेच्या मागं दोन खोल्या, पुढं थोडं अंगण. काकू म्हणजे शांताबाई, आणि एकच मुलगा संदीप. पहाटे उठून पाणी भरणं सरांकडं, संध्याकाळी भाजी निवडणं सरांकडं. मी दिवाळीच्या फराळाला जायची तेव्हा काकू चुलीपुढं आणि सर मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यात, असं ठरलेलं दृश्य. बोलायचे कमी, पण दोघं एकमेकांची थट्टा करायचे. काकू म्हणायच्या, "साऱ्या गावाची पोरं ह्यांना सापडत्यात. घरातली मिठाची बरणी सापडत नाय."

संदीप सरांच्याच शाळेत. वर्गात तो त्यांना "सर" म्हणायचा आणि घरी फारसं काहीच म्हणायचा नाही. मुलगा वाईट नव्हता. हातानं काहीतरी उघडायचं, जोडायचं, यात त्याचा जीव रमायचा. प्रयोगशाळेतली बंद पडलेली घंटी त्यानं मला दोनदा दुरुस्त करून दिली होती. गणित मात्र त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं, आणि शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून त्यानं हे बापापासून लपवलं होतं. सगळ्या पोरांच्या चुका ओळखणाऱ्या माणसाला घरातल्या पोराचं कळलं नाही.

त्याच्या दहावीचा निकाल शाळेत आला तेव्हा सर नेहमीप्रमाणे यादी घेऊन पायरीवर उभे राहिले आणि एकेक नाव वाचू लागले. संदीपचं नाव आलं. "वाकळे संदीप कडुबा, गणितात नापास," त्यांनी त्याच आवाजात वाचलं आणि पुढचं नाव घेतलं. यादी संपेपर्यंत ते हलले नाहीत. पण तोवर संदीप गर्दीतून निघून गेला होता. संध्याकाळपर्यंत स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर एकच बोलणं होतं, वाकळे सरांचं पोरगं गणितात गेलं.

संदीप फुलंब्रीला मावशीकडं गेल्याचा निरोप त्याच रात्री आला. काकू रोज म्हणत, घेऊन या. सर रोज शाळेत येत, वर्ग घेत, परत जात. चौथ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही फुलंब्रीला गेलात का?"

ते खडू उचलून तासाला गेले. दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज माझ्या हातात देताना म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या पोराकडं मी तिसऱ्या दिवशी जातो. माझ्या पोराला पाचवा दिवस लागला. काय म्हणावं मला?"

तिथं काय झालं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. मावशीच्या ओट्यावर सर मुलाशेजारी बसले. दोघं रस्त्याकडं बघत होते. मग सर म्हणाले, "मी साऱ्या गावाला शिकवलं. तुला निस्तं इचारलं. झालं का, झालं का. शिकवलं कवाच नाय." संदीप रडला. घरी आला. पण परीक्षेला पुन्हा बसायला काही केल्या तयार होईना. सरांनी शिकवतो म्हटलं तर म्हणाला, "तुम्ही शाळेत जा. तुमची पोरं तिथं हायेत."

यावर काय करावं हे सरांना सुचत नव्हतं. सुचलं काकूंना. त्या सातवीत असताना लग्न होऊन शाळेतून सुटल्या होत्या. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की मला सतरा नंबरचा फॉर्म भरायचाय, बाहेरून दहावीला बसायचंय. सर मला विज्ञानाचं पुस्तक मागायला आले तेव्हा लाजलेले होते. "घरात एक विद्यार्थिनी वाढली," म्हणाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. पण काकूंनी एक अट घातली. गणित सरांकडून शिकणार नाही. "मला काही आलं नाय तर ह्यांच्यापुढं लाज वाटती," त्या संदीपला म्हणाल्या. "तूच सांग मला, तुला येतं तेवढं."

मग रोज दिवेलागणीला त्या घरात मुलगा आईला गणित शिकवू लागला. सरांना आत यायची बंदी. ते अंगणात भाजी निवडत बसायचे. आतलं सगळं ऐकू यायचं. एका सकाळी ते शाळेत आले ते अगदी कासावीस होऊन. "बाई," ते हळूच म्हणाले, "काल त्यानं तिला अपूर्णांकाची बेरीज सांगितली. छेदात छेद मिळवला हो. माझ्या घरात. मी उंबऱ्यापर्यंत गेलो, तर तिनं माझ्याकडं असं बगितलं की मी घागर उचलून पाण्याला गेलो."

"मग आता?"

"आता काय. तिनंच इचारलं त्याला, आरं, अर्धी भाकर आन अर्धी भाकर मिळून अर्धीच कशी व्हईल? मग बसला डोकं खाजवत. तासाभरानं त्याचं त्यालाच सापडलं." "मी असतो तर लगीच सांगून मोकळा झालो असतो."

मार्चमध्ये आई आणि मुलगा एकाच केंद्रावर परीक्षेला बसले. सरांनी स्वतःच्या पर्यवेक्षणासाठी मुद्दाम लांबचं, गंगापूरकडचं केंद्र मागून घेतलं होतं. सकाळी काकू डोक्यावर पदर घेऊन, हातात पाण्याची बाटली धरून निघायच्या आणि संदीप त्यांचं पॅड घेऊन बरोबर चालायचा. आधी लोक दारात येऊन बघायचे. चौथ्या पेपरपर्यंत कुणी बघेनासं झालं.

निकाल लागला. संदीप पास झाला, गणितात सत्तेचाळीस. काकूंना गणितात बावन्न, मुलापेक्षा जास्त. पण इंग्रजीत त्या गेल्या. सरांचा चेहरा पडला. मी त्या दिवशी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले होते, म्हणून पुढचं माझ्यासमोरच झालं.

"थोडक्यात गेलं," सर म्हणाले. "वाईट वाटून घेऊ नको."

"मला कशाला वाईट वाटंल?" काकू म्हणाल्या. "माझं काम झालं. पोरगं बसलं, पास झालं. मला काय कलेक्टर व्हायचंय?"

सर त्यांच्याकडं बघतच राहिले. वर्षभर ज्याला ते बायकोची शिक्षणाची हौस समजत होते ते काय होतं, हे त्यांना तेव्हा कळलं. मलाही तेव्हाच कळलं. संदीप पेढा हातात धरून तसाच उभा होता.

मग सर उठले, फडताळातून इंग्रजीचं पुस्तक काढलं आणि काकूंपुढं ठेवलं. "तुझं काम झालं. माझं ऱ्हायलंय," ते म्हणाले. "मला इंग्रजी येत नाय, ते मी तुझ्यासंगं शिकतो." आणि खरंच, ऑक्टोबरपर्यंत दोघं रोज बसले. शाळेत ते इंग्रजीच्या शिक्षकांना गाठून शंका विचारायचे आणि कागदावर लिहून घरी न्यायचे. काकू पास झाल्या. ती गुणपत्रिका त्यांनी लुगड्यांच्या घडीखाली ठेवली होती. मला एकदा काढून दाखवली, पुन्हा नीट ठेवून दिली.

संदीप आयटीआयला गेला. काही वर्षं कंपनीत काढून त्यानं वाळूजच्या रस्त्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. एका उन्हाळ्यात शाळेची पाण्याची मोटार जळाली तेव्हा सर ती टेम्पोत घालून स्वतः त्याच्याकडं घेऊन गेले. संदीपसमोर चार शेतकरी बसले होते. तो म्हणाला, "बाबा, आणा इकडं, तुमची आधी बघतो." सर म्हणाले, "नंबरानं घे." आणि दुपारपर्यंत बाकावर बसून राहिले. मुलगा तांब्याची तार कशी एकसारखी भरतो, गिऱ्हाइकाशी कसा बोलतो, हे त्यांनी पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी मला सगळं सांगून म्हणाले, "चालतंय."

त्यांच्या तोंडी या शब्दाची किंमत मला ठाऊक होती. "हे त्याला सांगितलंत का?"

"ऱ्हायलं."

"मग सर, तिसरा दिवस होऊ देऊ नका."

ते माझ्याकडं बघून हसले. दुसऱ्या दिवशी त्यांची अर्ध्या दिवसाची रजा होती. त्याच्या पुढच्या दिवशी भेटले तेव्हा मी विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणला, बाबा, चहा घ्या."

सर निवृत्त झाले तेव्हा त्यांचा निरोपसमारंभ टाळायचा बेत होता, पण बशीरमामांनी या वेळी लपायची जागा सांगून टाकली. सगळ्यांची भाषणं झाली. सर माईकपुढं उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांना मी शिकवलं त्यांनी मला सांभाळून घेतलं. ज्यांना मारलं त्यांनीबी." आणि बसले. पुढं ते काकूंसह शहरात, संदीपकडं गारखेड्याला राहायला आले. मी शहरातच राहत असल्यानं अधूनमधून गाठ पडायची. नातीला गणित कोण शिकवतं, असं मी विचारलं तर म्हणाले, "तिची आजी. मला अंगणातबी बसू देत नाय. फ्लॅटला अंगण कुठंय?"

सर गेले त्याला आता वर्ष होईल. हिवाळ्यात छातीचं दुखणं निघालं आणि आठवड्यात आटोपलं. अंत्यविधीला मला पोचता आलं नाही, मी मुलीकडं नागपूरला होते. त्यामुळं माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन त्याच्या आधीचं, माझ्या स्वतःच्या निवृत्तीच्या दिवसाचं आहे.

त्या संध्याकाळी शाल, नारळ आणि दोन पिशव्या सांभाळत मी लासूरच्या प्लॅटफॉर्मवर आले. तीस वर्षं रोज ज्या गाडीनं घरी जात होते तिची वाट बघायची ही शेवटची वेळ. बाकाजवळ गेले तर तिथं वाकळे सर बसलेले. अंगानं फार वाळले होते. मांडीवर पेरूंची पिशवी.

"सर, तुम्ही इथं कसे?"

"दुपारच्या एसटीनं आलो."

"मग समारंभाला का नाही आलात?"

"भाषणं असत्यात तिथं," ते म्हणाले. "म्हणलं, तुम्ही एकट्याच गाडीत बसून जाल. शेवटच्या दिवशी एकट्यानं जायला बरं वाटत नाय. मी घरी गेलतो तसा, मला माहीताय."

गाडी आली. आम्हाला खिडकीची जागा मिळाली. पोटूळ गेलं, दौलताबाद आलं. किल्ल्यावर शेवटचं ऊन होतं. सर मोठंसं काहीच बोलले नाहीत. ज्योतीनं त्यांचा रक्तदाब कसा तपासला आणि औषध चुकवल्याबद्दल त्यांना कशी रागावली, ते कौतुकानं सांगितलं. मी आता काय करणार, ते विचारलं. मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. "नका ठरवू लगीच," ते म्हणाले. मध्येच थोडा दम लागला तेव्हा डोळे मिटून बसले. मी त्यांना पहिल्यांदाच सांगितलं की मला शिकवायला खरं तुम्ही शिकवलंत. त्यांनी डोळे न उघडता मान हलवली. मला वाटलं, आता "चालतंय" म्हणतील. पण ते म्हणाले, "लई चांगलं झालं तुम्ही आमच्या शाळेत आल्या."

शहराच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा बाहेर संदीप मोटारसायकल घेऊन उभा होता. कानाजवळचे केस पांढरे झालेले, हातांना तेलाचे डाग. त्यानं मला वाकून नमस्कार केला, माझ्या पिशव्या रिक्षात ठेवल्या, रिक्षावाल्याला माझ्या घराचा रस्ता समजावून सांगितला. मग बापाला आधार देऊन मागच्या सीटवर बसवलं. सरांनी पेरूंची पिशवी माझ्या हातात दिली आणि मुलाच्या खांद्याला धरलं.

माझी रिक्षा वळायला जागा मिळेना म्हणून थांबली होती. त्यामुळं ते दोघं जाताना मला बराच वेळ दिसत राहिले. मला वाटलं, सर मागं वळून बघतील. पण ते पुढं झुकून संदीपच्या कानाशी काहीतरी सांगत होते. लांबलचक काहीतरी असावं, कारण ते थांबतच नव्हते. संदीप मान तिरकी करून ऐकत होता आणि गाडी अगदी हळू चालवत होता.